न्हाणीत घसरलेली माणसं

आमच्या जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसांचा सगळ्यात मोठा शत्रू न्हाणी आहे. हे मी कॅज्युअल्टीत बसून शिकले. हात मोडला, न्हाणीत घसरली. डोळा काळानिळा झाला, न्हाणीत घसरला. पाठीवर वळ उठले, तेही न्हाणीतच. न्हाणीच्या खालोखाल बैलाचा नंबर लागतो. घरचे बैल विकून ट्रॅक्टर आला असला तरी म्हाताऱ्याला ढकलायला बैल हजर असतो. आणि ज्या घरी न्हाणीच बांधलेली नाही, जिथे आंघोळ मागच्या वाडीत दगडावर होते, तिथली म्हातारीसुद्धा न्हाणीतच घसरते. मी परिचारिका आहे, पोलीस नाही. सांगतील ते लिहून घेत होते आणि पट्टी बांधत होते.

कोणता दवाखाना ते सांगत नाही. सरकारी आहे, गोंदिया जिल्ह्यातलाच आहे, आणि माझी पेन्शन अजून सुरू व्हायची आहे.

तर एक दिवस वरून आदेश आला की कॅज्युअल्टीत येणाऱ्या प्रत्येक वयस्क रुग्णाची 'छळ-तपासणी' करायची. घरात मारझोड होते का, उपाशी ठेवतात का, हे विचारायचं. त्यासाठी आम्हाला प्रशिक्षण मिळालं. पडद्यावर चित्रं दाखवली, त्यांतली म्हातारी माणसं इतकी गोरीगोमटी आणि चष्मेवाली होती की त्यांना छळायची कुणाची हिंमतच झाली नसती. दुपारचं जेवण मात्र उत्तम होतं. मी जिलेबी परत घ्यायला गेले आणि आले तर माझं नाव फळ्यावर. या कामाची आमच्या दवाखान्यातली प्रमुख मी. नेमणूक कशी होते हे नोकरीच्या शेवटच्या वर्षांत तरी कळायला हवं होतं, पण जिलेबी समोर असली की माझं डोकं चालत नाही.

प्रश्न छापून आले होते. पहिला प्रश्न असा: 'आपणांस कुटुंबीयांकडून शारीरिक इजा पोहोचविली जाते काय?' हा प्रश्न मीच दोनदा वाचला. मग सराव म्हणून दवनीवाड्याला, माझ्या सासरी, सासूबाईंवरच प्रयोग केला. ऐंशीच्या घरातल्या आमच्या सासूबाई अजूनही धानाच्या रोवणीला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून बायांच्या चुका काढतात. त्यांना मी प्रश्न सोपा करून विचारला, "आई, घरी तुम्हाला कोणी मारते का?"

"मारते ना," सासूबाई म्हणाल्या, "तू मारते. टोमने."

"जेवायला वेळेवर मिळते?"

"मिळते. पन मीठ कोठी असते त्यात?"

"कोणाची भीती वाटते?"

"तुले कायची घाई झाली एवढी? कागदावर अंगठा लावून घेतं का काय?" असं म्हणून त्यांनी हात पदराखाली लपवले. खाटेवर पडलेला माझा नवरा तोंडावर पेपर धरून हसत होता. नियमाप्रमाणे मोजलं असतं तर आमच्या घरावर पहिला अहवाल गेला असता. मी कागद गुंडाळून पर्समध्ये टाकला.

कॅज्युअल्टीतही तेच. "घरी कोणी त्रास देतं का?" असं विचारलं तर एक आजोबा म्हणाले, "देते ना, मच्छर." एका आजीनं माझाच हात धरला आणि विचारलं, "तुले कोन मारते का बाई घरी? तोंड काऊन सुकलं तुहं?" मला खरंच क्षणभर रडू आलं. चार तास उभी होते आणि त्या दिवशी कुणीच मला काही विचारलं नव्हतं.

खरी अडचण वेगळीच होती. नियम सांगतो, रुग्णाला एकटं गाठून विचारा. आणि आमच्याकडे रुग्ण एकटा येतच नाही. म्हातारीला ताप आला की मुलगा, सून, नातू, शेजारी, ज्याचा ऑटो तो, आणि वाटेत भेटला म्हणून चढलेला एखादा मावसभाऊ एवढे जण येतात. प्रश्न म्हातारीला विचारावा तर उत्तर मावसभाऊ देतो. त्यांना बाहेर काढलं की खिडकीतून देतो. शेवटी मला एक युक्ती सुचली. आमच्या दवाखान्यात केस पेपरची एकच खिडकी आहे आणि तिच्यापुढची रांग बाजारच्या दिवशी फाटकापर्यंत जाते. "पेपर काढून आणा, घरच्याच माणसाची सही लागते," असं सांगून मी सगळ्यांना तिकडे पिटाळायला लागले. सरकारी रांग पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडली. लोक परत येईपर्यंत म्हातारीचं सगळं बोलून व्हायचं, वर एक डुलकीही व्हायची.

आणि खोटं कशाला बोलू, त्या रांगेच्या आडोशाला काही न्हाण्या खरंच उघड्या पडल्या. काही घरांना आम्ही जाब विचारला. म्हणून या कामाला मी नावं ठेवते ती घरच्या माणसाला ठेवावीत तशी ठेवते.

आता ती म्हातारी.

दरेकशाच्या डोंगरातल्या एका गावची. मुलगा तिला सकाळच्या पॅसेंजरनं घेऊन आला होता. होळीचे दिवस, मोहाची फुलं नुकतीच गळायला लागलेली. म्हातारीला घेरी आली होती. साडी विटकी आणि फाटलेली, पिंढऱ्यांवर काट्यांचे ओरखडे, पाय घोट्यापर्यंत काळे, खांद्यावर जुना वळ. वजनकाट्यावर उभी केली तर काटा हलला की नाही हेच कळेना. पण डोळे लखलखीत.

आमचे डॉक्टर तरुण. पुण्याकडचे, बाँडवर आलेले, मनापासून काम करणारे. इतके मनापासून की त्यांच्याशी भांडताही येत नाही. मुलाला मी रांगेत पाठवलं आणि डॉक्टरांचे प्रश्न आमच्या इकडच्या झाडीबोलीत करून म्हातारीला विचारायला लागले.

"माय, जेवन वेळेवर मिळते का?"

"पहाटे कोन जेवते? पेज पेली की निंघाली मी."

डॉक्टरांनी कागदावर खूण केली.

"एकटी रायते का?"

"जंगलात एकटीच. दुसऱ्याले कायले नेऊ?"

दुसरी खूण.

"काम करावं लागते?"

"काम तं करालेच लागते, बाई. मोह का आपल्या पायानं घरी येते?"

"हा खांद्यावरचा मार?"

"कावडीचा."

डॉक्टरांचा चेहरा पडत गेला. जवळजवळ सगळ्या खुणा 'हो'च्या रकान्यात. अशक्त वृद्धा, फाटकं वस्त्र, उपाशीपोटी पहाटे जंगलात, ओझी वाहते, एकटी. प्रशिक्षणातल्या चित्रांतही इतका नमुनेदार छळ नव्हता. मी त्यांना सांगायला गेले की साहेब, मोह वेचायला बाया जुनीच साडी नेसतात, झाडाखालचा पाचोळा जाळतात म्हणून पाय काळे होतात. ते म्हणाले, "सिस्टर, आपल्याला सवय झालीय, म्हणून आपल्याला ते दिसत नाही." हे वाक्य इतकं बरोबर होतं की मी सलाइन लावायला घेतलं.

मुलगा केस पेपर घेऊन आला. गवंडी काम करतो, बांधकामावर गोंदियाला जातो. बायको अंगणवाडीत मदतनीस. अंगात स्वच्छ शर्ट, खिशात टेप. डॉक्टरांनी त्याला उभं करून जन्मदात्री, मातृऋण, कायदा आणि तुरुंग या क्रमानं सुनावलं. आजूबाजूच्या खाटांवरचे नातेवाईकही "बरोबर हाय, बरोबर हाय" करून माना डोलवत होते. बिचारा मुलगा लाल झाला. "साहेब, मी तं कवाचा सांगून राहिलो तिले, नोको जाऊ म्हनून," एवढंच तो म्हणाला. मग हात जोडून त्यानं सगळ्यांसमोर शब्द दिला की आई आता जंगलात जाणार नाही, तिला घरात नीट ठेवीन. डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हातारीला सलाइन लावलं होतं. ती वर पाहत पडून होती, पण शब्द दिला तेव्हा तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं होतं.

आठवडाभरानं तो तिला परत घेऊन आला. डावं मनगट मोडलेलं.

आता मात्र चित्र बदललं होतं. नवीकोरी हिरवी साडी, डोक्याला खोबरेल, नखं कापलेली, पाय घासून गोरे केलेले. मुलाच्या हातात बिस्किटाचा पुडा. डॉक्टरांना ओळखूच येईना, आणि ओळख पटली तेव्हा त्यांचा आनंद गगनात मावेना. "पाहिलं सिस्टर? आठवड्यात केवढा फरक!" येत्या आढावा बैठकीत हे उदाहरण सांगायचं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. कशानं लागलं, असं विचारलं तर मुलगा म्हणाला, "न्हानीत घसरली."

मी म्हातारीकडे पाहिलं. मागच्या आठवड्यात सलाइन लावताना हिनंच मला सांगितलं होतं की त्यांच्याकडे घरकुल आलं, पंखा आला, पण न्हाणीचा गवंड्यालाच मुहूर्त सापडेना. ती आता माझ्याकडे न बघता छताकडे बघत होती. डोळ्यांतलं ते लखलखणं गेलं होतं. डॉक्टर एक्स-रे पाहायला गेले, मुलाला मी रांगेत घातलं आणि पडदा ओढून खाटेच्या कडेला बसले.

"कोठून पडली, माय?"

"कवेलूवरून."

"कवेलूवर कायले गेली?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू प्रश्न अगदी बावळट असावा. "मंग कोठून निंघू? दरवाज्याले कुलूप."

सकाळी मुलगा गाडी पकडायला निघतो, सून अंगणवाडीत जाते, आणि जाताना बाहेरून कुलूप. आत जेवण झाकून ठेवलेलं, पाण्याचा माठ, पंखा चालू, टीव्ही लावून दिलेला. कशाची कमी नाही. "पोरगा लय करते माहं," ती म्हणाली, आणि ते टोमण्यानं नव्हे. संध्याकाळी दार उघडतं, मग पाय दाबून देतात. मागच्या जुन्या स्वयंपाकघरावर अजून कवेलू, म्हणजे कौलं, आहेत. ती धानाच्या कोठीवर चढली, कवेलू सरकवले, निम्मी बाहेर आली आणि खाली गेली.

मग तिनं मला मोहाचं सांगितलं. तिचं माहेर आणि सासर एकाच गावात, दोन टोल्यांत, म्हणजे वस्त्यांत. बापानं मरताना भावांना जमीन दिली आणि हिला मोहाचं एक झाड. गावात कुणी त्या झाडाला हात लावत नाही. पण गावाची रीत अशी की हंगाम लागला की मालकानं झाडाखालचं झाडून, पाचोळा जाळून जागा साफ करायची. आणि ते केल्यावर रोज पहाटे जायचं. मालक चार दिवस फिरकला नाही की मोह मोकळा, मग कुणीही वेचावा, आणि पुढच्या साली ज्यानं वेचला तो आपलं म्हणायला लागतो.

"जागा साफ करून आली होती मी. तवाच घेरी आली अन् इथी आनली. आता कोन वेचून राहिलं का मालूम. टप टप पडून राहिला असन," ती म्हणाली. "पैशे नाई पायजेत मले. पैशे पोरगा देते. मोह माहा हाय."

"मुलाला सांग की."

"त्याले सांगू? तुमीच तं सांगतलं त्याले." मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "तुमचं आयकते तो. सांगा ना बाई त्याले, खोल म्हना."

मला संताप आला. कुणाचा, ते नीट सांगता येत नाही. प्रश्नांचा आला, डॉक्टरांच्या थापेचा आला, 'बरोबर हाय' म्हणणाऱ्या त्या मानांचा आला. त्या तिरीमिरीत मी डॉक्टरांना गाठलं आणि एका दमात सगळं सांगितलं. ते खरोखर पांढरे पडले. भला माणूस, फिल्म हातात तशीच धरून पडद्याआड आले, आणि म्हातारीच्या उशाशी उभं राहून नियम वाचायला लागले. घरात कोंडून ठेवणं हा छळच. अशा वेळी पोलिसांना कळवणं, समाजकल्याणला कळवणं, मुलावर कारवाई.

बाकीचं मराठी तिला कळलं नसेल, पण पोलीस हा शब्द आमच्या डोंगरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. म्हातारी एका हातावर उठून बसली.

"कोनाले पोलीस?"

"आजी, मुलानं तुम्हाला कुलूप लावून..."

"कोनतं कुलूप?"

"तुम्ही आत्ताच सिस्टरना सांगितलंत."

"सिस्टर झोपीत असन," म्हातारी म्हणाली. "न्हानीत घसरली मी. माहा पोरगा हिऱ्यासारखा हाय. लिवा, न्हानीत घसरली."

मग तिनं स्वतःच, कुणी न विचारता, सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. मारत नाहीत. उपाशी ठेवत नाहीत. एकटी राहत नाही. भीती कुणाची नाही. मागच्या वेळी हेच प्रश्न ऐकून ती चक्रावली होती. आता पाठ झाले होते. डॉक्टर माझ्याकडे पाहत राहिले, आणि मी म्हातारीकडे. मुलाला वाचवायला ती परत त्या कुलपाआड जायला निघाली होती, आणि आमच्या कागदावर एवढा निर्मळ, आदर्श रुग्ण पूर्वी कधी आला नव्हता. डॉक्टरांनी 'छळ आढळला नाही' असं लिहिलं. दुसरं काय लिहिणार? माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी प्लास्टरची बादली भरायच्या निमित्तानं नळावर जाऊन धुतलं.

प्लास्टर वाळेपर्यंत मुलगा बाहेर कडुनिंबाखाली थांबला होता. मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. "पडद्याआड काय झालं ते तुला माहीत आहे?" म्हटलं, आणि त्याची आई काय बोलली ते शब्दन् शब्द सांगितलं. पोलीस हा शब्द आल्यावर ती कशी उठून बसली तेही.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग एकदम उसळला. "मंग मी काय करू, म्याडम? जंगलात सोडलं तं तुमी लिवता, कोंडलं तं तुमी लिवता. तिले ठेवू कोठी? गावात लोक म्हनतेत, पोरगा मिस्त्री अन् माय मोह वेचून राहिली. तुमच्या साहेबानं सगळ्या दुनियेपुढे माही इज्जत काढली. अन् पहाटे अस्वल येते मोहाखाली. मागच्या साली आमच्याच टोलीतल्या बाईचं तोंड फाडलं त्यानं. उद्या मायले फाडलं तं कोन जबाबदार? तुमी?"

त्याच्या प्रत्येक शब्दात तथ्य होतं. अशा वेळी माणसानं समजूतदारपणे बोलावं. मला ते जमत नाही.

"फाडलं तर घेऊन ये," मी म्हटलं. "टाके घालायला आम्ही पगार घेतो. पण कवेलूवरून पडून मान मोडली तर आमच्याकडे औषध नाही. एकटी जाऊ देऊ नको, सोबत जा. ते जमत नसेल तर जमव. पण कुलूप काढ. हे आता मी सांगते आहे, आणि इथे ऐकायला दुसरं कुणी नाही."

तो आत गेला, आईला दंडाला धरून बाहेर आणलं आणि स्टेशनच्या ऑटोत बसवलं. जाताना म्हातारीनं माझ्याकडे पाहिलंही नाही. झोपेत असलेल्या सिस्टरकडे कोण बघणार?

मग माझी झोप उडाली. बोलायला बोलून बसले होते, पण जबाबदार कोण या त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नव्हतं हे मला घरी भाकरी थापताना कळलं. कुलूप काढलं नसेल तर ती परत कोठीवर चढेल, तीही आता एका हातानं. काढलं असेल तर अस्वल. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू कायले लोकांच्या घरचे दरवाजे उघडून राहिली? घरचं फाटक लावाले विसरते रोज." मोहाचा हंगाम संपेपर्यंत मी रोज कामावर आल्यावर आधी रात्रपाळीच्या सिस्टरला विचारायचे, दरेकशाकडून कुणी आलं का. ती म्हणायची, पाहुणे येणार आहेत का तुमचे?

आणि एका सकाळी पोर्चमध्ये ओरडा झाला, अस्वलानं फाडलेली बाई आणलीय. मी हातातला ट्रे तसाच टेबलावर टाकून धावले. स्ट्रेचरवर साडीनं तोंड झाकलेलं होतं आणि साडी हिरवी होती. पदर बाजूला करायला माझा हात उठेना. डॉक्टरांनी केला. देवरीकडची बाई होती, चाळिशीची, डोक्याची कातडी निघालेली, पण शुद्धीवर. तिला टाके घालताना मी मदत करत होते आणि मनात म्हणत होते, बरं झालं, बरं झालं. तिच्याजवळ उभी राहून असं म्हणत होते, आणि तिचा नवरा माझ्यासमोर रडत होता. ती वाचली, महिन्याभरानं चालत घरी गेली, हे सांगितल्याशिवाय मला पुढे लिहिता येणार नाही.

मे उजाडला. ऊन असं की सिमेंटवर पाय ठेवता येईना. प्लास्टर काढायच्या दिवशी म्हातारी आली.

आधी वास आला. मोहाचा गोड, आंबूस, जड वास, आणि तो प्लास्टरमधून येत होता. ते पांढरं प्लास्टर आता पिवळं-तपकिरी, जागोजागी चिकट, कडा कुरतडलेल्या, बोटांच्या बाजूला राख बसून काळं. साडी पुन्हा तीच विटकी. चेहरा उन्हानं रापलेला, वजन आणखी उतरलेलं, पिंढऱ्यांवर नवे ओरखडे. मुलगा मागे उभा होता. त्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती, आणि त्याच्याही पिंढऱ्या ओरखडलेल्या होत्या. दाढी वाढलेली. झोप पुरी न झालेल्या माणसासारखा तो भिंतीला टेकून जांभया देत होता.

मी काही बोलायच्या आत डॉक्टर आले आणि त्यांनी ते सगळं पाहिलं. आढावा बैठकीत सांगितलेलं त्यांचं उदाहरण. त्यांना बिचाऱ्यांना धक्काच बसला. नाकाला रुमाल लावून त्यांनी प्लास्टर उलटसुलट केलं. एवढी अस्वच्छता, एवढी हेळसांड. माझ्याकडे एक असा कटाक्ष टाकला की पाहा, शेवटी मूळ स्वभाव जात नाही. मुलाला रांगेत पाठवायचंही भान त्यांना राहिलं नाही. खुर्ची ओढून ते म्हातारीसमोर बसले, पेन काढलं आणि या वेळी माझी मदत न घेता, स्वतःच शिकलेल्या मोडक्यातोडक्या झाडीबोलीत विचारलं,

"माय, खरं खरं सांग. भिऊ नको. घरचे तुही काळजी घेतेत का?"

म्हातारीनं मुलाकडे पाहिलं. मुलगा जांभई अर्धवट सोडून सरळ उभा राहिला. तिचे डोळे पहिल्या दिवसासारखे लखलखत होते.

"पयले लय घेत होते, बापू," ती म्हणाली. "आता नाई घेत. आता बरं हाय."